द्राक्षमळ्यातला निवांत रविवार

सोमवार, २ सप्टेंबर

नोकरीचा पहिला दिवस छान गेला, हे आधी लिहून टाकते. पुढे कधी रडगाणं गायला लागले तर पुरावा असू दे.

या शहरात येऊन चार दिवस झाले. खोली तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिना इतका अरुंद की ट्रंक उभी धरून वर आणावी लागली. पण खिडकी मोठी आहे. खाली घड्याळजीचं दुकान आहे, त्याच्या शेजारी चर्मकाराचं, आणि दोघं दिवसभर एकमेकांना टोमणे मारत असतात. करमणूक फुकट.

वीस वर्षं मी बसची वेळापत्रकं बनवली. कोणती बस कुठल्या थांब्यावर किती मिनिटं टेकणार हे ठरवण्यात उमेदीची वर्षं गेली. मग ते खातंच बंद झालं आणि मी पाच महिने घरात माशा मारत बसले. इथल्या साहेबांनी मुलाखतीत विचारलं, निवांतपणाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे. मी म्हटलं, काहीच नाही, म्हणूनच तो मला वेळेत बसवता येईल. ते पोट धरून हसले आणि मला घेतलं.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या, तीन टेबलं आणि भिंतभर नकाशा. काम असं: दोन दिवसांची एक सहल आखायची. शनिवारी शहर, म्हणजे संग्रहालय, थोडं संगीत, जुन्या गल्ल्या. रविवारी तासाभराच्या अंतरावरचे द्राक्षमळे आणि वाइन. पाहुण्याला एकदाही घड्याळ बघावंसं वाटता कामा नये, असं साहेबांनी बजावलं. एकवीस-बावीस तारखेला चाचणीची सहल. माणसं आपल्याच घरातली आणा म्हणाले, घरचे लोक खरं बोलतात.

वही ऑफिसनं दिली आहे. पुढून आराखडा, मागून माझं खासगी. कुणी उलटी धरून वाचली तर त्याचं नशीब.


बुधवार, ४ सप्टेंबर

आज दिवसभर बाकांवर बसत फिरले. ज्या बाकावर मला दहा मिनिटं बसवत नाही, तो बाक आराखड्यात नाही असा नियम केला आहे. संग्रहालयात चौदा दालनं आहेत. सगळी दाखवली तर माणूस चौथ्यापासून जांभया देतो, म्हणून तीनच ठेवली: जुनी वाद्यं, काचेची भांडी, आणि एक लांबट खोली जिच्यात फक्त खिडक्यांची चित्रं आहेत. तिथली राखणदार बाई पंचवीस वर्षं त्याच स्टुलावर बसते. मी विचारलं, कंटाळा येत नाही का. ती म्हणाली, चित्रातल्या एका खिडकीचं दार थोडं उघडं आहे, ते लावून टाकावं असं रोज वाटतं, त्यात दिवस जातो.

दुपारी नाट्यगृहात वादकांची तालीम असते. मागच्या रांगांत बसू देतात. चुकलेला तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवतात, आणि खऱ्या मैफलीपेक्षा हेच जास्त आवडेल असं मला वाटतं. शनिवार जमला.

रात्री छोटीला फोन केला. ती आणि जावईबापू चाचणीला यायला एका पायावर तयार आहेत. जावईबापू हे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आईनं दिलेलं नाव. आई गेली, नाव राहिलं. फोन हिसकावून घेऊन ते म्हणाले, ताई, वाइनचे किती पेले देणार ते आधी सांगा, मग बॅग भरतो.


शनिवार, ७ सप्टेंबर

मळा पाहून आले. बस थेट फाटकापर्यंत जाते, त्रेपन्न मिनिटं.

दोन भाऊ आणि थोरल्याची बायको, एवढीच माणसं तिथे राहतात. खुडणीला मजूर येतात आणि संध्याकाळी जातात. थोरले गोल चेहऱ्याचे, बोलके. पाहुण्यांची कल्पना त्यांचीच, आमच्या साहेबांना पत्र त्यांनीच लिहिलं होतं. वहिनी कमी बोलतात पण हात सतत चालू. त्यांनी पाव, चीज आणि भाजलेल्या मिरच्या पुढे ठेवल्या आणि मी संपवीपर्यंत उभ्या राहिल्या.

थोरल्यांनी सगळं फिरून दाखवलं. अर्धवट जमिनीत बांधलेलं मोठं दालन आहे, तिथे लाकडी पिंपं ओळीनं आडवी ठेवली आहेत आणि मधे चाखण्याचं टेबल. दालनाच्या जमिनीत एक झडप. झडपेखाली शिडी आणि आणखी खाली दगडी तळघर, त्यात तीन हौद. रस तिथे आंबतो. आंबताना जो वायू सुटतो तो जड असतो, तळाशी साचतो, त्याला ना रंग ना वास. म्हणून पंखा दिवसरात्र चालू ठेवावा लागतो. पंखा बंद पडला तर खाली गेलेला माणूस गुडघे टेकतो आणि तसाच झोपतो, असं थोरले अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे म्हणाले. पाहुण्यांना तिथे नेऊ नका, असं मी आराखड्यात लिहिलं.

धाकटे वेलींमध्ये होते. उंच, वाकलेले, पन्नाशीचे असावेत. घराच्या मागची सर्वांत जुनी ओळ त्यांच्या वडिलांनी लावलेली, ती धाकटे स्वतः सांभाळतात, मजुरांना हात लावू देत नाहीत. मी नमस्कार केला, त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

एक गोष्ट लिहू की नको असं होतंय. निघताना शेजारच्या मळ्यातलं कुत्रं त्या जुन्या ओळीत शिरलं आणि माती उकरायला लागलं. धाकटे सावकाश चालत त्याच्यापाशी गेले आणि हातातलं फावडं आडवं मारलं. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही. मग त्यांनी फावड्याची कड खाली धरून पायानं दाबली, जमिनीत रोवतात तशी. दोनदा. मग त्याच फावड्यानं उकरलेली माती सारखी केली.

थोरले माझ्या कोपराला धरून फाटकाकडे नेत म्हणाले की कुत्रं पिसाळलेलं होतं. असेल. शेतावरची माणसं, त्यांना असल्या गोष्टींची सवय असते.


सोमवार, ९ सप्टेंबर

आराखडा साहेबांना आवडला, पण रविवार थोडा सपक वाटतो म्हणाले. पाहुणे येतात, पितात, जातात. हातानं काहीतरी करायला हवं.

मला लगेच सुचलं. पाहुण्यांनी स्वतः घड खुडावेत, प्रत्येकाला एक कात्री आणि एक टोपली, आणि तेही त्या वडिलांनी लावलेल्या जुन्या ओळीतून. जुन्या वेली, जाड खोडं, फोटोही छान येतात. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

थोरल्यांना फोन केला. ते खूश झाले, मग म्हणाले की ओळ धाकट्याची आहे, त्याला विचारावं लागेल. मी म्हटलं, अर्धा तासच तर, दोन-चार टोपल्या. ते म्हणाले, बघतो, समजूत घालतो.


गुरुवार, १२ सप्टेंबर

थोरल्यांचा दुपारी फोन. आवाज दबलेला होता. धाकटा ऐकत नाही, पण मळा दोघांचा आहे, आज काय ते सोक्षमोक्ष लावतो म्हणाले. मी म्हटलं, नसेल जमत तर सोडा, दुसरी ओळ चालेल. त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. मागे कुणीतरी बोललं, आणि थोरले कुणाला तरी म्हणाले, खाली ठेव ते. मग फोन बंद झाला.

परत लावला. उचलला नाही.


शनिवार, १४ सप्टेंबर

दुसरी फेरी. फाटकाशी मला घ्यायला धाकटे आले. गुळगुळीत दाढी, अंगात थोरल्यांचा तपकिरी कोट, बाह्या आखूड पडत होत्या. या या म्हणाले. थोरले नवीन पिंपं बघायला लांब गेले आहेत, दहा-बारा दिवस लागतील. पाहुण्यांचं सगळं ते स्वतः बघणार.

जुन्या ओळीतून खुडायला त्यांची काही हरकत नव्हती. पन्नास वर्षांची ओळ, लोकांनी बघायला हवी, असं तेच म्हणाले. कात्र्या धार लावून आणल्या होत्या. प्रत्येक कात्री स्वतःच्या अंगठ्यावर लावून दाखवली. शेवटच्या कात्रीला रक्त आलं, ते त्यांनी कोटाला पुसलं आणि बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं.

वहिनींचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत बांधलेला होता. झडप बोटांवर पडली म्हणाल्या. झडप बोटांवर पडली तर कोपर कशाला बांधायचं?

मी हात धुवायला मोरीपाशी गेले तेव्हा त्या मागून आल्या. नळ मोठा सोडला आणि भांडी विसळत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, सहल रद्द करा. रस्ता खराब आहे सांगा, बस मिळत नाही सांगा, काहीही सांगा. मी विचारलं, का. त्या म्हणाल्या, तुम्हाला भावंडं आहेत ना. तेवढ्यात धाकटे दारात आले आणि त्यांनी नळ बंद केला.

परतीच्या बसमध्ये विचार करत होते. एका हातानं चार-पाच माणसांचं जेवण करायचं म्हणजे कुणालाही पाहुणे नकोच वाटतील. तसंच असणार. पण भावंडांचं का विचारलं?


मंगळवार, १७ सप्टेंबर

साहेबांना सगळं सांगितलं. कुत्रं, फोन, हात, नळ. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ही त्यांची चांगली सवय. मग माझ्यासमोरच मळ्यावर फोन लावला आणि धाकट्यांशी पाच मिनिटं बोलले. फोन ठेवून म्हणाले, किती अदबीनं बोलतात हो. थोरल्यांशी बोलायचं म्हटलं तर धाकटे म्हणाले, तिकडे रेंज नसते.

निर्णय तुमचा, असंही साहेब म्हणाले. तुम्हाला पटत नसेल तर पुढे ढकलू. पण माहितीपत्रक छापायला गेलंय, आणि तुमचा इथला पहिला महिना आहे.

मी दोन तास नकाशासमोर उभी राहिले. मग म्हटलं, करू या. हे मी म्हटलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नव्हती.


शुक्रवार, २० सप्टेंबर

छोटी आणि जावईबापू संध्याकाळी आले. जावईबापूंनी अरुंद जिन्यावर पोट अडकल्याचं नाटक केलं आणि खालून घड्याळजीनं त्यांना खरंच ढकललं. छोटी वाळली आहे, पण डोळे हसरे. तिला धाकट्यांबद्दल सांगणार होते. जेवताना ती म्हणाली, ताई, आई गेल्यापासून तू पहिल्यांदा एवढी खूश दिसतेयस. मग नाही सांगितलं.


शनिवार, २१ सप्टेंबर

आजचा दिवस जसा आखला तसाच घडला. वीस वर्षांत एकही बस अशी धावली नव्हती.

खिडक्यांच्या दालनात छोटी वीस मिनिटं बसून राहिली. जावईबापू राखणदार बाईशी गप्पा मारत होते, त्यांना दगडसुद्धा उत्तर देईल. तालमीत बासरीवाला चुकला, सगळे वादक हसले, आम्हीही हसलो. गल्लीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात छोटीनं पक्ष्यांचं पुस्तक घेतलं. दिवसभरात तिघांपैकी कुणीही घड्याळ पाहिलं नाही. मी सोडून.


रविवार, २२ सप्टेंबर, सकाळी ९.१०

निघतोय. ऊन छान आहे. जावईबापूंनी पांढरा शर्ट घातलाय, लाल वाइन आणि पांढरा शर्ट, छोटी कपाळाला हात लावून बसली आहे.


दुपारी १.२५

क्रमानं लिहिते. क्रम सोडला तर माझं डोकं सुटेल.

आम्ही पोचलो. मजूर नव्हते, रविवार म्हणून सुट्टी दिली असं धाकटा म्हणाला. जुन्या ओळीत खुडलं. तो आमच्या मागे उभा राहून प्रत्येक घडाबरोबर तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता. मग दालनात टेबलापाशी बसवलं. वहिनींनी पाव आणला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

पिंपाचं बूच सैल करायला लाकडी मोगरी असते, ती घेऊन तो एकेका पिंपावर ठोकत होता. ओतत होता. जावईबापूंनी तीन पेले घेतले. खूश होते. म्हणाले, वाइन उत्तम, पण थोरले बंधू कुठे आहेत, त्यांचं कौतुक ताईंकडून इतकं ऐकलंय. तो म्हणाला, बाहेरगावी. जावईबापू हसत म्हणाले, बाहेरगावी की भरलात एखाद्या पिंपात?

नुसती गंमत केली त्यांनी.

तो पण हसला. हसत हसत टेबलाला वळसा घालून आला आणि मोगरी त्यांच्या कानामागे मारली. कलिंगड पडावं तसा आवाज. जावईबापू बसलेलेच होते. हातात पेला होता. दुसऱ्या वेळेला खुर्ची मोडली. नंतर तो गुडघ्यावर बसून मारत राहिला, दम लागला की थांबायचा, पुन्हा मारायचा. पांढरा शर्ट

छोटी त्याच्या पाठीवर पडली. दोन्ही हातांनी केस ओढले त्याचे. त्यानं तिला उचलून झडपेतून खाली टाकलं. शिडीवरून नाही, तशीच. मी दाराकडे धावले नाही. तिच्यामागे धावले. मी शिडी उतरले आणि त्यानं शिडी वर ओढून घेतली.

झडप बंद केली. मग पंखा थांबला.


१.५०

फोनला रेंज नाही. त्याच्याच उजेडात लिहितेय.

छोटीचा घोटा मोडलाय, पाऊल उलट्या बाजूला वळलंय. भिंतीला खांद्याएवढ्या उंचीचा दगडी कट्टा आहे, तिला त्यावर चढवलं. वायू खाली साचतो, वर बसायचं. ती विचारतेय, हे कुठे आहेत. मी सांगितलं, वर आहेत.

खोटं नाही ते.

तिसऱ्या हौदामागे द्राक्षाच्या सालींचा चोथा टाकलाय, माणसाच्या कमरेएवढा ढीग. त्यातून हात बाहेर आलाय. दोन बोटं चपटी झालेली. मी चोथा बाजूला केला. थोरले आहेत. तोंड उघडं, तोंडात साली.


२.१५

डोकं ठणकतंय. दोघींचं. पर्समधल्या काडेपेटीतली काडी पेटवून खाली धरली, गुडघ्याखाली विझली.

झडपेच्या फटीतून वहिनी बोलल्या. फार हळू. त्या गुरुवारी दोघं भाऊ माझ्या त्या खुडण्यावरून भांडले. थोरले म्हणाले, ओळ दोघांची आहे. त्यानं आधी बोटं ठेचली, ज्यांनी सहलीच्या करारावर सही केली असती ती. मग बाकी. वहिनी मधे पडल्या म्हणून त्यांचा हात.

माझी कल्पना. अर्धा तासच तर, असं मी म्हटलं होतं.

मी म्हटलं, वहिनी, शिडी सोडा. त्या रडायला लागल्या, म्हणाल्या, मला जमायचं नाही, तो इथेच आहे. मी पुन्हा पुन्हा हाका मारल्या. गेल्या त्या.

वर तो काहीतरी फरफटत नेतोय. छोटीनं वर पाहिलं. तिला कळलं.


२.४०

काडी पेटवली. वायू मांडीपर्यंत आलाय.

हौद ढवळायची लोखंडी आकडी सापडली. माझ्या उंचीची. जड आहे. बरं वाटलं हातात धरून. तो खाली येणार, कधीतरी येणारच. शिडीवर माणसाचे पाय आधी दिसतात, डोकं शेवटी. मी शिडीच्या मागे थांबणार. बुटांवर लक्ष.

छोटीच्या पापण्या मिटताहेत. तिला चिमटे काढतेय, झोपू नको म्हणतेय.


३.०५

झडप उघडली. शिडी आली.

त्याचे बूट होते. काळे, रबरी, रक्तानं लडबडलेले. त्याचेच. मी सकाळपासून तेच बघत होते. मी श्वास रोखला आणि पूर्ण ताकदीनं आकडी फिरवली. पडल्यावर पुन्हा. पुन्हा.

पहिला घाव भीतीचा होता. पुढचे दोन कशाचे होते मला माहीत नाही.

वहिनी.

वरची जमीन ओली म्हणून त्याचे बूट घातले असतील. खांद्यावर दोन ओले पंचे होते, आमच्या तोंडाला बांधायला. मुठीत बाहेरच्या दाराची किल्ली. बांधलेला हात डोक्यावर आडवा आला होता, मी त्याच्यासकट मारलं. डोळे उघडे आहेत. एक पूर्ण. एक अर्धा.

त्या शिडी सोडायला आल्या होत्या. हे मी केलं. कुणाला ही वही मिळाली तर हे त्याच्या नावावर लावू नका. बाकीचं त्याचं. हे माझं.


३.१२

शिडी आहे. किल्ली आहे. छोटी उठत नाही.

तोंडाला पंचा बांधला तिच्या. कुशीत धरून तीन पायऱ्या चढले, हात सुटला, दोघी खाली. पडल्यावर वहिनींच्या अंगावर पडलो. खालची हवा — एका श्वासात पाय गेले माझे. ओढत ओढत पुन्हा कट्ट्यावर.

बाहेर ट्रॅक्टर चालू आहे. तो जुन्या ओळीत खड्डा करत असणार. मोठा. खूप वेळ चाललाय. ट्रॅक्टर चालू आहे तोवर आपल्याला

पुन्हा प्रयत्न करते. पट्ट्यानं पाठीला बांधते तिला.


३.२०

पट्टा पुरत नाही. थोरल्यांच्या कमरेचा काढला.

छोटी बोलली. म्हणाली, ताई, तू जा. म्हटलं, गप्प बस. लहानपणी म्हणायचे तसं. ती हसली की काय —

बांधलं. गाठ पक्की. उभी राहतेय.


३.२४

ट्रॅक्टर थांबला.


३.२६

वर आलाय. पावलं दालनात. बूट नाहीत, अनवाणी. चपचप वाजतंय.

वहिनींना हाक मारतोय. रागानं नाही. जेवायला वाढ म्हणावं, तशी. एकदा. दोनदा. शिडी त्याला दिसणार, झडप उघडी आहे —

छोटीचा श्वास मानेवर लागतोय. आहे. अजून आहे.

वहिनींचा आवाज मला येतो. दोनदाच ऐकलाय, पण येतो. घोगरा, खालच्या पट्टीतला. फोन विझवते. अंधारात लिहितेय, ओळीवर ओळ येत असेल —

ओ दिली मी. म्हटलं, खाली आहे, हात द्या जरा.

थांबला.

शिडी हलली.

म्हणतोय, दिवा का विझवलास. मी आकडी